अर्धी बिजागरी

"डोळे मीट आणि हात फिरव," मगदूमकाका म्हणाले.

"कशाला?"

"फिरव म्हणतोय न्हवं?"

गिऱ्हाईक म्हणजे देव, असं आमचे आबा म्हणायचे. देवाला काय वाटेल ते वाटू शकतं. मी डोळे मिटले आणि गाडीच्या डाव्या अंगावरून हात फिरवायला लागले. पुढचा दिवा, मग त्याच्यामागचा फुगीर पत्रा, मग दार जिथं सुरू होतं तिथं हात लोखंडावर आपटला.

"थांबला?" काकांनी विचारलं.

"थांबणारच की. बिजागरी आहे तिथं."

"तीच नको मला. वरची नको, खालची नको. दिव्यापासून शेपटापर्यंत हात सरळ गेला पाहिजे. कुठं थांबाय नको, काय अडकाय नको."

मी डोळे उघडले. म्हातारा अगदी गंभीर होता.

कोल्हापुरात उद्यमनगरात आबांचं बॉडीवर्कचं वर्कशॉप होतं. ते गेल्यावर मी चालवायला घेतलं. सुरुवातीला लोक यायचे, मला बघायचे आणि "मालक कुठायत?" म्हणायचे. मी गॅस वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "मालक फोटोत आहेत, बोला." मगदूमकाकांनी हे कधी विचारलं नाही. ते आबांच्या वेळेपासूनचे. जयसिंगपुरात त्यांचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं, ते पोराच्या हाती दिलं आणि स्वतः या गाडीच्या मागे लागले. जुनी बुटकी मॉरिस, दोन दारांची. आबांच्या हातून त्यांनी तिचं इंजिन बदललं, सीटा बदलल्या, छपराला आतून रेशमी कापड लावून घेतलं. मूळची म्हणायला नंबरपाटी तेवढी राहिली होती, आणि दाराच्या बिजागऱ्या. या गाडीला त्या बाहेरून असतात, कानासारख्या पुढं आलेल्या.

"काका, हे तुम्हाला वाटतंय तेवढं सोपं न्हाई," मी म्हटलं. "बिजागरी आत घ्यायची म्हणजे खांबाचा पत्रा कापायचा, आत पेटी बसवायची, दार पोखरायचं. एवढं करून दार जरा जरी लोंबलं तर मलाच शिव्या द्याल."

"देतो की. तुझ्या बापालाबी दिल्यात."

"पण नडलंय काय? इतकी वर्षं नांदल्या की त्या."

काका स्टुलावर बसले. पिशवीतून भडंगाचा पुडा काढला, माझ्यासमोर उघडा धरला आणि मग सांगितलं. शिरोळला पुतण्याचं लग्न होतं. मांडवाच्या दारात गाडी थांबवली. पद्माकाकी उतरायला लागल्या आणि त्यांचा पदर वरच्या बिजागरीत अडकला. खांद्याच्या पिनेपासून काठापर्यंत टर्रकन फाटला आणि काकी गुडघ्यावर पडल्या. वऱ्हाड बघत होतं. कुणीतरी पोरगं हसलं.

"तवापासनं गाडीत पाय ठेवत न्हाई," काका म्हणाले. "गाडीतच न्हवं, घराबाहेरच पडत न्हाई. बाहुबलीला दर्शनाला जाऊया म्हटलं, नको. माहेरी सोडतो म्हटलं, नको. गाडी इका म्हणती. दिवसभर खिडकीत बसून असती गं. मला बाहेर काढायचंय तिला."

"दुसरी गाडी घ्या मग. मारुती घ्या. मऊ मऊ दारं असतात."

"तिला ह्या गाडीचं दार ठाऊक हाय," एवढंच ते म्हणाले.

मला हसू आलं होतं, पण गिळलं. बायकोच्या पदरासाठी गाडी कापायला निघालेला माणूस मी उद्यमनगरात तरी पाहिला नव्हता. इथं लोक बायकोसाठी सायलेन्सरचा आवाज कमी करत नाहीत. मी म्हटलं, "ठेवून जावा."

काम अवघड होतं, सांगते. बिजागरी बाहेर असली की दार बाहेरच फिरतं, त्याला आडकाठी नसते. ती आत घेतली की दार उघडताना त्याची कड पुढच्या पत्र्यावर घासते. म्हणून आतल्या बिजागरीचा हात वाकडा करावा लागतो, विळ्यासारखा. म्हणजे दार आधी जरा बाहेर सरकतं आणि मग उघडतं. असली बिजागरी बाजारात मिळत नव्हती, जाड पट्टी तापवून मी ती स्वतःच वाकवली. आणि वरची खालची दोन्ही एका रेषेत पाहिजेत. दोन्हींच्या भोकातून एकच लांब सळई आरपार घालायची आणि मगच वेल्डिंग करायचं. आबा म्हणायचे, दोन बिजागऱ्या म्हणजे नवरा-बायको. रेषेत असल्या तर ठीक, नाहीतर दार रोज ओरडतं आणि गल्लीला ऐकू जातं.

पहिला डाव माझा फसलाच. दार लावलं, झोकात उघडलं आणि कड पुढच्या पत्र्यात खाड्दिशी घुसली. काका समोरच बसले होते.

"अयाई गं," ते म्हणाले.

"बोलू नका."

"न्हाई बोलत. भडंग खा."

वाकडा हात कापला, आणखी वाकडा केला, पुन्हा जोडला. मग दाराची फट बघायची वेळ आली. आबांनी आलेल्या लग्नपत्रिका कधी टाकल्या नाहीत. जाड पत्रिका दाराच्या फटीत वरून खालपर्यंत फिरवायची. कुठं अडकली तर फट कमी, कुठं पडली तर जास्त. निम्म्या कोल्हापूरची लग्नं माझ्या खोक्यात होती. एका पुढाऱ्याच्या पोराची पत्रिका सगळ्यात चांगली, पुठ्ठ्यासारखी. लग्न टिकलं नाही, पण पत्रिका अजून कामाला येते. ती डाव्या दाराच्या फटीतून सुर्रकन फिरली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं "नाद खुळा!" म्हणाले.

मग जुन्या बिजागऱ्यांची भोकं बुजवली, पुट्टी भरली, घासली, होता तोच गर्द लाल रंग मारला. काका बघायला आले आणि पुन्हा डोळे मिटून हात फिरवायला लागले.

"अहो काका, रंग बघा की डोळे उघडून! दोन रात्री धूळ बसू नये म्हणून जपलाय."

"रंगाला काय करायचंय," ते म्हणाले. हात दिव्यापासून निघाला आणि कुठंही न अडखळता मागच्या चाकापर्यंत गेला. ते लहान पोरासारखे हसले. "उद्या घेऊन येतो तिला. यष्टीनं आणतो. जाताना ह्यात बसवून न्हेतो. दिवस मावळायच्या आत घरात पाहिजे, अंधार पडल्यावर ती जेवत न्हाई, जैनाचा नेम."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर दोघं आली. मी गाडीवर चादर टाकून ठेवली होती, म्हटलं काकांनी स्वतः काढावी, जरा थाटात. दोघांच्या मध्ये बाजाराची रिकामी पिशवी होती, एक बंद काकांच्या हातात, एक काकींच्या. पद्माकाकी म्हणजे ठेंगणी, गोरी बाई, काठाचं लुगडं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. फाटकातून आत येता येताच हसून म्हणाल्या, "अगं बाई, किती चकाकतीया!"

मी चादरीकडे बघितलं, काकींकडे बघितलं. म्हटलं बाई थट्टेखोर दिसते. तोवर काकांनी पुढं होऊन चादर ओढून काढली होती.

"चकाकणारच," ते घाईनं म्हणाले. "शालननं केलीय. आबांच्यापेक्षा भारी. तू बस हितं सावलीला. मी लांबच्या चौकातनं रस घेऊन येतो, बिनबर्फाचा."

ते गेले. काकी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघू तरी काय केलंस." हात पुढं करून त्या गाडीपाशी गेल्या. बोटं दिव्यावर टेकली. तिथून मागं सरकली, फुगीर पत्र्यावरून, दारावरून, मागच्या चाकापर्यंत. पुन्हा पुढं आली. पुन्हा मागं गेली. तिसऱ्यांदा हात मधेच थांबला आणि काकींचा चेहरा बदलला.

"शालन," त्या हळूच म्हणाल्या, "दार कुठं गेलं गं?"

"काय काकी, माझी फिरकी घेताय होय? समोर तर आहे."

त्या माझ्या आवाजाकडे वळल्या. माझ्याकडे नव्हे, माझ्या आवाजाकडे. नजर माझ्या कानाच्या बाजूनं पलीकडच्या भिंतीवर गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काकी, तुम्हाला दिसत न्हाई?"

"हळू बोल की." त्यांनी माझं मनगट शोधून घट्ट धरलं. "उजेड कळतो. माणूस हललं तर सावली कळती. बाकी गेलं. काचबिंदू म्हणाले डॉक्टर, गेलेली नजर परत येत न्हाई. बहिणीला घेऊन गेले होते मी. ह्यांना सांगितलं न्हाई."

"नवऱ्याला कळत न्हाई होय हे?"

"न्हाई गं. घर माझं पाठ हाय. चुलीपासनं देव्हाऱ्यापर्यंत पावलं पाठ हायत. गाडीपण पाठ होती. दिवा, पत्रा, मग वरची बिजागरी. बिजागरीवर हात आला की कळायचं, आता दार. दार उघडून तीच धरायची आणि आत पाय टाकायचा, उतरतानाबी तीच. मूठ सापडती गं मला, पण मूठ पार मागं. तिथनं पायाचा अंदाज लागत न्हाई. आता हे सगळं गुळगुळीत. कुठं थांबू मी?"

जिथं हात थांबू नये म्हणून मी एवढी मेहनत केली होती, त्याच जागी ही बाई थांबायला जागा मागत होती.

"पण पदर फाटला न्हवं तिच्यामुळं?"

"तिचा काय दोष? मी तिला धरून उभी होते. वारं आलं, पदर तिच्यात गेलेला मला दिसला न्हाई आणि मी पाऊल टाकलं. पडल्या पडल्या एकच वाटलं, आता ह्यांना कळलं. म्हणून गाडीच नको म्हटलं. गाडी नसली की कळायचं काय कारण न्हाई."

"काकी, सांगून टाका त्यांना. काका चांगले आहेत. काय करतील?"

"चांगले हायत म्हणूनच गं." काकींनी मनगट सोडलं नव्हतं. "गाडी चालवताना ते विचारतात, पद्मा, डावीकडं काय दिसतंय? त्यांची नजर रस्त्यावर. लग्न झाल्यापासनं डावी बाजू माझी. मी सांगायचं, ऊस तुरा टाकायलाय, विहिरीवर बाया धुवायल्यात. मग त्यांचा रस्ता सरतो. अजून सांगते मी, आठवणीनं. दिसत न्हाई हे कळलं तर जपतील मला, हात धरतील, उशी देतील. पण इचारायचं बंद करतील. मग मी काय, गाडीतलं सामान."

त्यांचे डोळे भरले नाहीत, माझेच भरले. मी बाहीनं पुसले आणि मला रागच आला. कुणाचा, कुणास ठाऊक.

"मग आज कशाला आलात?"

"रोज ह्यांचं आपलं शालननं असं केलं, शालननं तसं केलं. इतक्या वर्षांत एवढं बोललेलं ऐकलं न्हवतं. न्हाई म्हणवेना बाई. म्हटलं कसंबी करून बसू."

मी भंगाराच्या डब्यात हात घातला. जुन्या बिजागऱ्या तळाशी होत्या. डाव्या दाराची वरची काढली. दोन पाती, मधे पिन. पिन ठोकून काढली आणि गाडीच्या अंगाला बसणारं पातं तेवढं हातात घेतलं. अर्धी बिजागरी. तेवढीच बसवली तर आतल्या बिजागरीच्या आड येत नव्हती, दार मोकळंच राहणार होतं.

ड्रिल हातात घेऊन त्या ताज्या रंगासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. आरशासारखा पत्रा होता. आबा फोटोतून बघत होते. मनात म्हटलं, तुम्ही गप बसा, आणि भोक पाडलं. पुट्टीचा टवका उडाला. बोल्ट घालून पातं आवळलं. मग कानस घेतली आणि त्याच्या सगळ्या कडा गोल केल्या, बोल्टचं डोकंसुद्धा. गावातल्या बायका बाळाच्या हातातलं कडं गोल आहे का बघतात, तसं बोट फिरवून बघितलं.

"काकी, पदर द्या इकडं."

त्यांनी कमरेचा पदर सोडला. मी तो पात्यावरून ओढला, वरून, खालून, तिरका. कुठंच धरला नाही. मग त्यांचा हात दिव्यावर ठेवला आणि बाजूला झाले. हात पत्र्यावरून मागं आला, लोखंडावर टेकला आणि थांबला.

"हां," काकी म्हणाल्या. नुसतं "हां". मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

तेवढ्यात फाटक वाजलं. काका दोन्ही हातांत रसाचे ग्लास घेऊन उभे होते. त्यांची नजर दारावर गेली. त्या गुळगुळीत लाल अंगावर एक काळं, ओबडधोबड लोखंड, भोवती उडालेला रंग, आणि त्याच्यावर काकींचा हात.

आता शिव्या येणार म्हणून मी आधीच तोंड उघडलं. "काका, ते आतल्या बिजागरीला जरा बाहेरून आधार लागतोय. तशी पद्धतच आहे. इंजिनियर लोकं पण असंच करतात." माझ्याइतकं वाईट खोटं उद्यमनगरात कुणी बोललं नसेल.

काकांनी ग्लास स्टुलावर ठेवले, जवळ आले. काकींच्या हाताच्या बाजूनं त्यांनी स्वतःचं बोट त्या पात्याच्या कडेवरून फिरवलं, सावकाश, सगळीकडून. कुठं टोक राहिलंय का बघत होते. मग घसा खाकरला.

"बरं केलंस," ते म्हणाले. "आधार पाहिजेच. माझ्या डोस्क्यात आलं न्हाई ते."

रस पिऊन झाला. काका उजवीकडून जाऊन बसले. त्याआधीच त्यांची सीट पुढं पाडून मी मागं शिरले होते, कारण नव्या बिजागऱ्या रस्त्यावर कशा वागतात ते बघायचं होतं. हातकणंगल्यापर्यंत जायचं आणि यष्टीनं परत यायचं असं ठरलं. काकी मात्र बाहेरच होत्या. काकांनी हात पुढं करून दार आतून उघडलं नाही. ते समोर बघत बसून राहिले. दिवा, पत्रा, लोखंड. दार उघडलं, पाय आला, काकी बसल्या, पदर मांडीवर ओढून घेतला आणि दार लावलं. आवाज असा आला की मागं बसून मी सुखावले.

गाव मागं पडलं. काका हळू चालवत होते. दोन्ही बाजूंनी ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा वास. मग काकांनी विचारलं, "पद्मा, डावीकडं काय दिसतंय?"

काकींनी मान डावीकडं वळवली. गाडीनं वळण घेतलं होतं, खाली छोट्या पुलाचा धडधड आवाज येऊन गेला होता. त्या जरा थांबल्या, मनात काहीतरी जुळवलं आणि म्हणाल्या, "मोठी चिंच आली बघा. यंदा लई लागलीय. फांद्या वाकल्यात."

मी डावीकडं बघितलं. तिथं चिंच नव्हती. रस्ता रुंद केला तेव्हाच ती पाडली होती. मला पक्कं ठाऊक होतं, कारण तिच्या बुंध्याचा तुकडा ऐरणीखाली ठेवायला मीच टेम्पोतून आणला होता. आता तिथं नुसती खडी होती आणि एक निळी टपरी.

काकांनी रस्त्यावरची नजर काढली. डावीकडं बघितलं, त्या खडीकडं आणि टपरीकडं, चांगलं निरखून. मग पुन्हा समोर बघितलं.

"व्हय की," ते म्हणाले. "लईच लागलीय. खाली पोरं हायत का बघ."

"हायत. दगडं मारायलेत. एक वर चढलंय."

"पडंल की मुडदा."

"न्हाई पडत. धरून बसलंय."

मी मागं बसून पुढच्या आरशात काकांचा चेहरा बघत होते. तेव्हा मला सगळं कळलं. पिशवीचे दोन बंद, आत काही नसताना. घाईनं ओढलेली चादर. डोळे मिटून फिरवलेला हात. म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. बिजागरी काकींना दिसत नाही म्हणूनच तर ती त्याला गाडीवर नको होती. काकी तिच्यावरच हात टेकून दार ओळखतात, एवढंच काय ते त्याला माहीत नव्हतं.

आरशात त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नाही, अशी.

"शालन," काकी मागं न वळता म्हणाल्या, "तुला दिसली का गं चिंच?"

मी खिडकीशी सरकले, त्यांना आवाज ऐकू जावा म्हणून मुद्दाम काच सरकवली.

"दिसली की काकी," मी म्हणाले. "एक चिंच तर रस्त्यावर पडलीय. थांबूया का?"

"नको गं, दिवस मावळायच्या आत पोचायचंय," काकी हसल्या.

काकांनी डोळ्यांवरून मनगट फिरवलं आणि गिअर बदलला.

"बरं," ते म्हणाले, "आता पुढं काय दिसतंय, पद्मा?"